फ्रान्समध्ये गोल्फची सुट्टी: वाळलेल्या, पळत्या कोर्सवर जावं की हिरवळ शोधावी?

मुळाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्र, सगळे पुण्याचे, पन्नाशीच्या आसपासचे, हँडिकॅप 14 ते 22, म्हणजे मध्यम दर्जाचे खेळाडू. दोन-तीन वर्षांनी एकदा बाहेर खेळायला जातो. यंदा फ्रान्स नक्की झालंय. आठ दिवस, पाच-सहा राउंड. गाडी अडलीय ती जुलै की सप्टेंबर यावर.

एकाच्या मेहुण्याने बोर्दोकडचे भर उन्हाळ्यातले फोटो दाखवले. फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे लांब पट्टे, अगदी कडब्याच्या रंगाचे. होलभोवतीची ग्रीन तेवढी हिरवी, बाकी सगळं वाळलेलं. आमच्यातले दोघं लगेच म्हणाले, एवढे पैसे घालून माळरान बघायला कशाला जायचं? मला मात्र ते फोटो बघून तिथे खेळावंसं वाटलं. का, ते त्यांना नीट सांगता आलं नाही.

तर ज्यांनी तिकडे खेळलंय त्यांनी सांगा: कुठला भाग, कुठला महिना, आणि अशा कडक जमिनीवर बॉल पळत सुटतो तेव्हा खेळायचं कसं?

अटलांटिक
जुलै. आणि वाळलेलं मिळालं तर नशीब समजा.

टायगर वुड्सने 2006 ची ब्रिटिश ओपन जिंकली ती रॉयल लिव्हरपूलवर. तो कोर्स त्या उन्हाळ्यात करपून पिवळा पडला होता. चार दिवसांत त्याने ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, एकदाच बाहेर काढला, बाकी बहुतेक लोखंडी काठ्यांवर. बॉल कुठे पडेल यापेक्षा पडल्यावर कुठे जाईल याचा हिशोब करून तो खेळला आणि 18 अंडरने (ठरलेल्या फटक्यांपेक्षा 18 कमी घेऊन) जिंकला. 2018 ला स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीवर पुन्हा तसंच पिवळं मैदान होतं आणि इटलीचा मोलिनारी जिंकला. हिरव्यागार गालिच्यावर बॉल पडला की तिथेच बसतो, खेळ तिथेच संपतो. कडक जमिनीवर निम्मा खेळ बॉल जमिनीला टेकल्यावर सुरू होतो.

पण समुद्रकाठचे लिंक्स हवे असतील तर उत्तरेला जा. ल तुकेचा 'ला मेर' बघा. हॅरी कोल्टचा 1931 चा कोर्स, वाळूच्या टेकड्यांमधून. दुसऱ्या महायुद्धात त्याची बरीच नासधूस झाली होती, अलीकडे जुन्या आराखड्याबरहुकूम दुरुस्त केलाय. कॅलेहून गाडीने तासाभराच्या आत.

टीटाईम
मी थोडा वेगळा सूर लावते. आठ दिवसांसाठी एवढ्या लांब जायचं आणि दर तिसरा चांगला फटका टप्पा खाऊन रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, गेलेला बघायचा, हे सगळ्यांना आवडत नाही. माझ्या नवऱ्याला नाही आवडलं. चांगल्या फटक्याचं फळ मिळालं पाहिजे, असं त्याचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

आम्ही पॅरिसजवळ ल गोल्फ नॅशनलच्या अल्बाट्रॉसवर खेळलो. 2018 चा रायडर कप तिथलाच, युरोपने अमेरिकेविरुद्ध 17.5–10.5 ने जिंकलेला. 2024 च्या ऑलिंपिकलाही तोच कोर्स. आपले शुभंकर शर्मा, गगनजीत भुल्लर, अदिती अशोक, दीक्षा डागर तिथे खेळले. शेवटच्या चार होलपैकी तीनला पाणी आहे आणि तिथे बॉल पळाला तर थेट तळ्यात. अठराव्याच्या ग्रीनकडे जाताना दोन्ही बाजूंचे उंचवटे बघून पोटात गोळा आला होता. एवढंच सांगते, पहिल्यांदा फ्रान्सला जाताय तर हा एक राउंड चुकवू नका.

गारोनकाठची
बोर्दोत राहते, इथे आठ वर्षं झाली, खेळते सहा वर्षं. मुळाकाठ, तुमचा फोटो आमच्याच बाजूचा असणार. सविस्तर लिहिते.

इथली जमीन मुळात रेताड, गोट्यागोट्यांची. द्राक्षांना जी जमीन मानवते, तीच. पाऊस पडला की पाणी खाली जातं, चिखल राहत नाही. शहराच्या वायव्येला गोल्फ दु मेदोक आहे. त्याचा 'शातो' कोर्स बिल कूरने केलाय, 1989 चा. झाडी कमी, उघडंवाघडं रान, काटेरी पिवळ्या फुलांची झुडपं आणि फेअरवे लांबवर पसरलेले. दक्षिणेला लांदच्या पाइनच्या जंगलात मोलिए आणि सेन्योस, आणि अजून खाली बियारित्झला लागून आँग्लेचा शिबेर्ता. शिबेर्ता टॉम सिम्पसनचा, 1927 चा. काही होल पाइनमध्ये, काही अगदी समुद्रावर.

आता फटक्याबद्दल. गेल्या ऑगस्टची गोष्ट सांगते. ग्रीन 40 मीटरवर, मध्ये बंकर नाही, समोर थोडा चढ आणि मग डावीकडे उतार. मी सवयीने सँडवेज (बॉल उंच उडवणारी काठी) काढला आणि उंच चिप मारली. वेजचा तळ जमिनीवर आपटून उसळला, पातं बॉलच्या पोटाला लागलं आणि बॉल ग्रीनच्या पार पलीकडे गेला. माझ्या सोबत 74 वर्षांच्या एक फ्रेंच बाई होत्या. त्यांनी आठ नंबरची काठी काढली, हँडल आखूड धरलं, पाय जवळ घेतले आणि पट मारतात तसा बॉल ढकलला. बॉल जमिनीवर टक-टक असे दोन टप्पे खाऊन चढाला लागला, वर गेल्यावर अगदी मंदावला, मग डावीकडे वळून होलपासून हातभर अंतरावर थांबला. त्या बाईंची नजर सबंध वेळ झेंड्यावर नव्हतीच, चढाच्या माथ्यावरच्या एका पिवळ्या ठिपक्यावर होती. 'तिथपर्यंत माझं काम, पुढचं उताराचं,' म्हणाल्या.

तेव्हापासून मी इथे उन्हाळ्यात ग्रीनच्या आसपास वेज फार कमी काढते.

अजून एक, फार महत्त्वाचं. इथे सगळं मीटरमध्ये. स्कोरकार्ड मीटरमध्ये, फेअरवेवरच्या खुणा मीटरमध्ये. तुमच्या अंगात यार्ड मुरलेले असणार. 150 मीटर म्हणजे 164 यार्ड. भारतातून आलेले पाहुणे पहिल्या दिवशी प्रत्येक फटका एक क्लब कमी मारतात.

नुसता_वाचक
गोल्फची काठी कधी हातात धरली नाही, पण त्या 74 वर्षांच्या आजींचा फटका डोळ्यांसमोर दिसला.

निवृत्त_फौजी
मुळाकाठ, तुम्हाला फोटोत काय दिसलं ते मी सांगतो. तुम्हाला आपलंच मैदान दिसलं.

मी 1978 ला विदर्भातल्या एका छावणीत गोल्फ शिकलो. तिथे ग्रीन नव्हती, ब्राऊन होती. बारीक वाळूत जुनं तेल मिसळून थापलेली गोल जागा. पट मारण्याआधी कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) लाकडी फळी ओढून रेघ सपाट करून द्यायचा. फेअरवे म्हणजे मुरूम आणि मधूनमधून कुसळ. मे महिन्यात ड्राइव्ह मारला की बॉल धूळ उडवत निघायचा, तो थांबेपर्यंत आमचा अर्धा पेला पाणी पिऊन व्हायचा. उंच फटका मारून ब्राऊनवर बॉल थांबवणं शक्यच नव्हतं. म्हणून आम्ही सगळे 20 यार्ड आधी टाकून पळवायचो. आम्हाला वाटायचं ही गरिबाची तडजोड आहे. नंतर स्कॉटलंडला गेलो तेव्हा कळलं की खेळ सुरू झाला तो असाच.

तेव्हा माळरान म्हणून नाक मुरडणाऱ्या तुमच्या दोन्ही मित्रांना माझ्याकडे घेऊन या.

मुळाकाठ
फौजीकाका, मनापासून आभार. अगदी हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.

गारोनकाठची, मीटरचं आम्हा चौघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं!

उदगीरकर
मी हा धागा शांतपणे वाचला. राग नाही, पण एक प्रश्न मनात आला तो मांडतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला यायची, तेव्हा मी तिथे नोकरीला होतो. स्टेशनबाहेर घागरी घेऊन उभी असलेली माणसं पाहिलीत. त्यामुळे गवताला पाणी ही गोष्टच मला पचत नाही. फ्रान्समध्ये दुष्काळात लोकांवर बंधनं आणि गोल्फला पाणी, असं वाचलं होतं. त्यावर तुम्ही लोक काय म्हणता?

गारोनकाठची
उदगीरकर, प्रश्न रास्त आहे आणि इथेही तो जोरात विचारला जातो. 2022 चा उन्हाळा फार वाईट गेला. जुलैत आमच्या जिरोंद जिल्ह्यात ला तेस्त आणि लांदिरासला वणवे लागले, 20 हजार हेक्टरांहून जास्त जंगल जळालं. आमच्या गच्चीवर राख येऊन पडायची. त्याच उन्हाळ्यात पाण्याची बंधनं कडक झाली. सगळ्यात कडक पातळीवर फेअरवेचं पाणी बंद, फक्त ग्रीनला सवलत, तीही रात्री आणि नेहमीच्या 30 टक्क्यांहून जास्त नाही. ती सवलतसुद्धा लोकांना खटकली. तुलूजजवळ दोन कोर्सवर कार्यकर्त्यांनी होलमध्ये सिमेंट ओतलं.

मी त्या सिमेंटच्या बाजूची नाही, पण राग समजू शकते. बागेतला टोमॅटो वाळू द्यायचा आणि पलीकडे तुषार फिरताना बघायचे, हे अवघड आहे.

मातीचा_माणूस
इथे थोडी भर घालतो. मी मातीत काम करणारा माणूस, क्रिकेटच्या खेळपट्ट्या करण्यात आयुष्य गेलं.

अठरा होलच्या कोर्सचा पसारा साधारण 50-60 हेक्टर. सगळी ग्रीन एकत्र केली तर जेमतेम एक हेक्टर. ग्रीनचं गवत काही मिलिमीटरवर कापलेलं असतं, ते एकदा मेलं की परत आणायला कित्येक महिने लागतात. म्हणून ती सवलत. फेअरवेचं तसं नाही. वाळूवरचं फेस्क्यू जातीचं गवत पाणी तुटलं की मरत नाही, निजतं. पिवळं पडतं, पाऊस आला की आठवड्या-दोन आठवड्यांत जागं होतं. आपल्या माळावरची कुसळं मृगाच्या पावसानंतर हिरवी होतात तसंच.

म्हणजे उदगीरकरांचा प्रश्न आणि मुळाकाठ यांचा प्रश्न एकच आहे. मे ते सप्टेंबर फेअरवे हिरवेगार हवेत हा हट्ट सोडला, तर सगळ्यात जास्त पाणी तिथेच वाचतं. शिवाय खेळ बिघडत नाही, उलट सुधारतो. भूमध्य समुद्राकडे सेंत-माक्सिमसारख्या ठिकाणी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरतात, तोही रस्ता आहे. पण पहिला रस्ता म्हणजे पिवळा रंग चालवून घेणं.

आणि टीटाईम, चांगला फटका वाया जातो म्हणालात त्याबद्दल. खेळपट्टीवर बॉल किती उसळेल हे बघून फलंदाज पाय टाकतो. 'टप्प्याने फसवलं' म्हणतो, पण पुढच्या षटकाला शिकतो. कडक कोर्सवर उतार हीच खेळपट्टी. फेअरवेच्या उजवीकडे पडला की डावीकडे येतो हे एकदा दिसलं, की उजवीकडे मारणं हाच चांगला फटका.

टीटाईम
हे असं कुणी समजावलं नव्हतं. आता नवऱ्यालाही वाचून दाखवते. पण पाण्याशेजारचा होल असेल तर मी अजूनही मऊ जमीनच मागणार.

उदगीरकर
मातीचा माणूस, पटलं. निदान पिवळ्या मैदानाची बाजू घेणारे गोल्फवाले पहिल्यांदाच भेटले.

अटलांटिक
थोडं विषयांतर, पण बियारित्झचं नाव निघालं आणि राहवलं नाही.

आर्नो मासी. 1877 चा बियारित्झचाच जन्म. सार्डिन पकडणाऱ्या नावेवर काम करायचा आणि उरलेल्या वेळात तिथल्या ल फार कोर्सवर कॅडी. मुळात डावखुरा, पण मिळाल्या त्या उजव्या काठ्या, म्हणून उजव्या हाताने शिकला. 1907 ला हॉयलेकवर (तेच रॉयल लिव्हरपूल) ओपन जिंकला, ब्रिटनबाहेरचा पहिला विजेता. त्याच आठवड्यात झालेल्या मुलीच्या नावात त्याने 'हॉयलेक' घातलं. त्यानंतर ओपन जिंकणारा एकही फ्रेंच पुरुष झालेला नाही. 1999 ला कार्नुस्टीवर ज्याँ व्हान द व्हेल्द शेवटच्या होलला तीन फटक्यांची आघाडी घेऊन उभा होता आणि ओढ्यात अडकला. बूट-मोजे काढून पाण्यात उतरलेला तो माणूस अजून डोळ्यांसमोर आहे.

आणि ल फारवर एकेकाळी खाडीच्या खाचेवरून मारायचा एक पार-3 होता. तो आता राहिला नाही, पण 'बियारित्झ' याच नावाने अमेरिकेत त्या घडणीचे होल बांधले गेले: ग्रीनच्या मधोमध आडवी खोल घळ, आणि आधी टप्पा टाकून त्या घळीतून बॉल पळवत वर न्यायचा. एका गावाचं नाव जगभर पळत्या फटक्याला चिकटलं.

चिंगी
मंडळी, मी खेळत नाही, माझे हे खेळतात. दोन व्यावहारिक प्रश्न. आम्ही शाकाहारी. तिकडे कोर्सवर खायला काय मिळतं? आणि न खेळणाऱ्या बायकांनी दिवसभर काय करायचं?

गारोनकाठची
चिंगीताई, क्लबहाउसमध्ये बकरीच्या दुधाचं चीज भाजून घातलेलं सॅलड जवळपास सगळीकडे मिळतं, रताटुई कधीकधी, आमलेट चालत असेल तर तेही. सूप घेताना विचारा, मांसाचा रस्सा असतो. चीजमध्येही बऱ्याचदा वासराच्या जठरातलं विरजण असतं, कडक शाकाहारी असाल तर ते लक्षात ठेवा. आणि दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद, म्हणजे बंद. सकाळी दहाची टी-टाईम (खेळ सुरू करण्याची वेळ) घेऊन तीनला उपाशी येणारे पाहुणे मी पाहिलेत. थेपले-लाडू बरोबर असू द्या.

न खेळणाऱ्यांसाठी बोर्दो शहर सुंदर आहे, नदीकाठी ट्रामने फिरा. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी असते. पॅरिसहून टीजीव्हीने (वेगवान रेल्वेने) दोन तासांत पोचता.

मुळाकाठ
कॅडीबद्दल कुणी बोललं नाही. आम्हा चौघांनाही कॅडीची सवय आहे. माझा कॅडी गेली अकरा वर्षं माझ्यासोबत आहे, पटची रेघ, म्हणजे बॉल कुठून वळेल ते, तोच सांगतो.

गारोनकाठची
इथे कॅडी विसरा. ढकलगाडी भाड्याने घ्यायची, बॅग तिच्यावर बांधायची, चालायचं. डिव्होट (फटक्याने उखडलेले खड्डे) आपणच भरायचे, बंकर आपणच ओढायचे, रेघही आपणच बघायची. इलेक्ट्रिक गाडी बऱ्याच ठिकाणी मिळते, पण आगाऊ सांगून ठेवा.

आणि हँडिकॅपचा कागद बरोबर ठेवा. एका क्लबमध्ये (नाव नको) माझ्या पुण्याच्या पाहुण्यांना काउंटरवर अर्धा तास थांबवलं, कारण त्यांच्याकडे फक्त फोनमध्ये फोटो होता आणि समोरच्या मुलाला तो मान्य नव्हता. टी-टाईम गेली ती गेलीच. छापील प्रत, क्लबच्या शिक्क्यासह.

निवृत्त_फौजी
कॅडी नसणं हाच या सहलीचा सगळ्यात मोठा लाभ होईल, बघा. पळत्या कोर्सवर पायाला जे कळतं ते डोळ्यांना कळत नाही. ग्रीनकडे चालत जाताना शेवटच्या 30 यार्डांत तळव्यांना चढ-उतार जाणवू द्या. कॅडी बरोबर असला की आपण ते त्याच्यावर सोडतो. माझ्या छावणीतला म्हातारा कॅडी अनवाणी चालायचा आणि रेघ कधी चुकायचा नाही. मी त्याला एकदा विचारलं, कसं कळतं? म्हणाला, साहेब, बॉल जिथे जातो तिथे पाणीपण जातं. पावसाळ्यात बघून ठेवलंय.

मातीचा_माणूस
हे वाक्य मी लिहून ठेवलं.

मुळाकाठ
आज चौघे बसलो होतो. सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. नाक मुरडणारे दोघंही मऊ झाले, विशेषतः आजींच्या आठ नंबरवर. आता बेत असा: सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. पॅरिसला उतरून एक दिवस अल्बाट्रॉस (टीटाईम, तुमच्या शब्दाखातर), मग टीजीव्हीने बोर्दो, मेदोकला दोन राउंड, नंतर गाडी भाड्याने घेऊन मोलिए आणि शिबेर्ता. ल तुके यावेळी बसत नाही. जुलै सोडला, कारण उन्हाची भीती वाटली.

गारोनकाठची
बरोबर केलंत. 2019 च्या जुलैत इथे पारा 41 च्या वर गेला होता, त्या उन्हात अठरा होल चालणं धोक्याचं. सप्टेंबरच्या सुरुवातीला जमीन अजून उन्हाळ्याची कडक असते आणि हवा सुसह्य. लांदच्या जंगलात सिगरेट पेटवू नका, एवढं चौघांनाही बजावून सांगा. बोर्दोला आलात की कळवा, मेदोकला एक राउंड मी बरोबर येते.

अटलांटिक
शिबेर्ताला वारा समुद्राकडून असेल तर बॉल खाली ठेवा. पाठीवर वारा असताना ग्रीनवर थांबवणं सगळ्यात कठीण, तिथे 25-30 मीटर आधी टाकावं लागेल. आणि वेज बदलून न्या: तळाचा बाउन्स, म्हणजे तळाचा कोन, 4 ते 6 अंशांचा. 10-12 चा घरी ठेवा, तो चिखलाच्या दिवसांसाठी.

मुळाकाठ
माझा 12 चा आहे. दुकानात उद्याच जातो. फौजीकाका, सराव कुठे करायचा? सप्टेंबरमध्ये आपल्याकडे सगळा चिखल असणार.

निवृत्त_फौजी
म्हणून आत्ताच करायचा. एप्रिल चालू आहे, मैदान विटेसारखं झालंय. आपल्या कोर्सच्या मागच्या कुंपणाकडे, जिथे पाणी पोचत नाही, तिथे येत्या रविवारी सकाळी सहाला या. चौघेही. वेज आणू नका. प्रत्येकाने सात आणि आठ नंबर आणि वीस जुने बॉल. बूट मी सांगेन तेव्हा काढायचे.